सुपरमॅनचा हिशेब

मालेगावच्या सुपरमॅनवर हसून झाले असेल, तर आता थोडा हिशेब करू या.

नासिर शेख यांच्या ‘मालेगाव का सुपरमॅन’मध्ये नायक झालेला शफीक शेख हा यंत्रमाग कामगार. अंगाने काडी, चड्डीची नाडी लोंबलेली. फैझा अहमद खान यांनी या चित्रपटाच्या निर्मितीवर २००८ मध्ये माहितीपट केला आणि हा सुपरमॅन देशाबाहेरही पोचला. पडद्यावर तो गावातल्या घाणीशी आणि तंबाखूशी लढला. पडद्याबाहेर ऐन तारुण्यात कर्करोगाने गेला. २०२५ मध्ये ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ प्रदर्शित झाला आणि आपण ‘छोट्या गावाची मोठी स्वप्ने’ म्हणत टाळ्या वाजवल्या.

माझा आक्षेप या टाळ्यांना आहे. हॉलिवूडच्या सुपरमॅनच्या छातीत रुई जात नाही, त्याच्या घरी दवाखान्याचे बिल येत नाही. शफीकचे हडकुळे शरीर पडद्यावर येताच प्रश्न उभा राहतो: तारणहाराची किंमत मोजतो कोण?

आम्ही मराठी मुस्लीम लेखकांनी हा प्रश्न कितीदा विचारला? आमच्या कथांत शेवटच्या पानावर कलेक्टर किंवा डॉक्टर झालेला मुलगा येतो आणि मोहल्ल्याचा उद्धार करतो. त्याच्या फीसाठी कोणत्या बहिणीची शाळा सुटली, बापाने किती रात्रपाळ्या केल्या, हे दोन ओळींत उरकले जाते.

भिवंडीचेच पाहा. १९७० आणि १९८४ च्या दंगलींत होरपळलेले हे शहर १९९२-९३ मध्ये मुंबई जळत असताना शांत राहिले. त्यामागे मोहल्ला समित्या होत्या. पण बोलताना आपण एका पोलीस अधिकाऱ्याचे नाव घेऊन मोकळे होतो. सुरेश खोपडे यांचे श्रेय मोठेच आहे; ते कुणी नाकारू नये. मात्र समित्यांत बसलेल्या साध्या हिंदू-मुसलमानांनी आपल्याच गल्लीत कुणाचा रोष ओढवून घेतला, कोणती मैत्री गमावली, यावर आपण किती कथा लिहिल्या?

मसीहाची कथा वाचकाला फुकटात सोडते. कौमने काही करायचे नाही, फक्त वाट पाहायची. अशा कथा आता पुरे झाल्या. मुलगा कलेक्टर झाला, तिथे कथा संपवू नका. शाळा सुटलेल्या बहिणीपासून सुरू करा.