किती पारे झाले?

मुलांनो, रमजानचा महिना सुरू झाला की आपल्या मोहल्ल्यात एक प्रश्न हमखास ऐकू येतो. मशिदीच्या ओट्यावर, किराणा दुकानात, शाळेच्या व्हरांड्यात, सगळीकडे तोच प्रश्न : "किती पारे झाले?" कोणी म्हणतो सात, कोणी म्हणतो बारा. एखादा हळूच सांगतो, "माझा एक कुरआन पूर्ण झाला, दुसरा सुरू आहे." ऐकणारा 'माशाअल्लाह' म्हणतो आणि मनातल्या मनात आपला हिशोब करू लागतो.

हा प्रश्न वाईट नाही. लहानपणी मी आणि माझी मोठी बहीण पाऱ्यांची शर्यत लावीत असू. नेहमी तीच जिंकत असे. तिलावतीचा सवाब मोठा आहे आणि रमजान तर कुरआन उतरल्याचाच महिना. पण या प्रश्नाबरोबर दुसराही एक प्रश्न विचारला जावा, असे मला वाटते. आज जे वाचले, त्यातल्या कोणत्या आयतीने आज तुझा हात धरला?

माझे हे मत कसे बनले, ते सांगते. त्यात माझी एक चूक आहे. ती लपवून हा पाठ लिहिता येणार नाही.

२०२२ साली रमजान एप्रिल महिन्यात आला होता. तुम्हांला ठाऊकच आहे की चांद्रवर्ष इंग्रजी वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असते. म्हणून रमजान दर वर्षी तितका मागे सरकतो आणि साधारण ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. त्या वर्षी तो भर उन्हात आला. आमचे गाव यंत्रमागांचे. एप्रिलमध्ये पत्र्याचे छप्पर असे तापते की खाली उभे राहवत नाही. रोजा जवळजवळ १४ तासांचा होत होता. शाळा सकाळची केली होती, तरी मधल्या सुट्टीपर्यंत मुलांचे ओठ सुकून जात.

एके दिवशी मधल्या सुट्टीत नळाजवळ गलका झाला. नववीचा एक मुलगा ओंजळीने पाणी पीत होता. दहा-बारा मुले त्याच्याभोवती उभी राहून ओरडत होती, "रोजाखोर! रोजाखोर!" मी तेथे गेले. मुलांना गप्प करणे हे माझे काम होते. मी काय केले? मी त्या मुलालाच म्हटले, "एवढा मोठा झालास. तिसरीतली मुलेसुद्धा रोजा धरतात. तुला लाज नाही वाटत?"

मुले हसली. तो काहीच बोलला नाही. शर्टाच्या बाहीने तोंड पुसून तो वर्गात जाऊन बसला. मला त्या वेळी वाटले, आपण आपले कर्तव्य केले.

त्याच आठवड्यात मी नववीच्या वर्गाला मराठीचा गृहपाठ दिला होता. आपल्या बहुतेक घरांत उर्दू तर्जुमा असलेला कुरआन असतो. त्यातली कोणतीही एक आयत निवडा आणि तिचा अर्थ सोप्या मराठीत लिहा, असा तो गृहपाठ. रविवारी दुपारी मी वह्या तपासायला बसले. त्या मुलाने सूरह अल्-बकरहमधील १८४ वी आयत निवडली होती. जो आजारी असेल किंवा प्रवासात असेल, त्याने राहिलेले रोजे दुसऱ्या दिवसांत मोजून पूर्ण करावेत, असे तिच्यात सांगितले आहे. त्याने तो अर्थ चार ओळींत लिहिला होता. खाली थोडी जागा सोडून आणखी एक ओळ होती : "मॅडम, मला कावीळ झाली होती. डॉक्टरांनी या महिन्यात रोजा धरायचा नाही असे सांगितले आहे."

शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या. त्या दिवशी मी त्या सुधारल्या नाहीत.

ती आयत मला पाठ होती. प्रत्येक रमजानमध्ये ती वाचली होती. तिच्या पुढच्याच आयतीत अल्लाहला तुमच्यासाठी सोपेपणा हवा आहे, अडचण नको आहे, असे सांगितले आहे. तेही ठाऊक होते. बी.एड. करीत असताना मुलांचा चारचौघांत अपमान का करू नये, यावर मी परीक्षेत पानभर उत्तर लिहिले होते आणि मला गुणही चांगले मिळाले होते! पण नळाजवळ उभी असताना ना ती आयत आठवली, ना ते उत्तर.

त्या दिवशी मी २६ वा पारा काढला आणि त्यातली सूरह अल्-हुजुरात तर्जुम्यासह वाचली. ती अवघ्या १८ आयतींची आहे. तिच्या अकराव्या आयतीत सांगितले आहे की कोणी कोणाची थट्टा करू नये, कदाचित ज्यांची थट्टा चालली आहे तेच अधिक चांगले असतील. पुरुषांना हे सांगून झाल्यावर स्त्रियांना पुन्हा वेगळे सांगितले आहे. एकमेकांना वाईट नावे ठेवू नका, हेही त्याच आयतीत आहे. बाराव्या आयतीत वाईट शंका घेण्यास, पाळत ठेवण्यास आणि पाठीमागे निंदा करण्यास मनाई आहे. मी एकेक गोष्ट नळाजवळच्या प्रसंगाशी ताडून पाहिली. थट्टा झाली होती. नाव ठेवले गेले होते. शंका तर मी स्वतःच घेतली होती. आणि हे सगळे करणाऱ्या आम्हां सर्वांचा रोजा होता.

सोमवारी मी त्या मुलाला बाजूला बोलावले. "तुझ्या आजाराविषयी वर्गात सांगितले तर चालेल का?" असे विचारले. तो म्हणाला, "सांगा मॅडम. मी सांगितलं असतं तर मुलं म्हणाली असती, बहाणा करतो." मग मी वर्गासमोर त्याची माफी मागितली. अपमान सर्वांसमोर केला होता, तेव्हा माफी कोपऱ्यात मागून भागले नसते. मागच्या बाकावरची दोन मुले आपणहून उठली. बाकीची खाली मान घालून बसली. सगळी उठली असती तर बरे झाले असते, पण तसे घडले नाही.

तेव्हापासून माझ्या वर्गात "तुझा रोजा आहे का?" हा प्रश्न मी कोणाला विचारीत नाही आणि विचारू देत नाही. प्रत्येक कारण मोठ्याने सांगता येत नाही. कोणी औषध घेत असतो. कोणी प्रवासातून आलेला असतो. स्त्रियांना तर खुद्द शरीअतने काही दिवसांची सवलत दिली आहे. ती सवलत चारचौघांत सांगायला कोणाला भाग पाडावे? रोजा हा बंदा आणि अल्लाह यांच्यातला मामला आहे. आपण त्यात हजेरी घेणारे कोण?

आता रोज्याच्या आयतींकडेच जरा नीट पाहू. सूरह अल्-बकरहमध्ये १८३ पासून १८७ पर्यंत रोज्याचे वर्णन आहे. रोजे कशासाठी, तर तुमच्यात तकवा यावा, म्हणजे अल्लाहची जाणीव ठेवून तुम्ही वाईटापासून स्वतःला वाचवावे म्हणून, हे पहिल्याच आयतीत सांगितले आहे. १८७ व्या आयतीबरोबर रोज्याचा विषय संपतो. आणि लगेच पुढची, १८८ वी आयत कशाविषयी आहे? एकमेकांचा माल नाहक खाऊ नका, आणि दुसऱ्याचा हक्क जाणूनबुजून गिळण्यासाठी हाकिमांपर्यंत मामले नेऊ नका, याविषयी!

ही शेजारशेजारची जागा मला फार विचार करायला लावते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत आपण स्वतःच्या घरातले, स्वतःच्या कमाईचे, पूर्ण हलाल अन्न खात नाही. समोर थंड पाण्याचा माठ असतो, कोणी पाहत नसते, तरी आपण हात लावीत नाही. ज्याला स्वतःचे हलाल अन्न सोडता येते, त्याला दुसऱ्याचा हराम माल का सोडता येऊ नये? पण आपल्या डोळ्यांसमोर काय घडते? इफ्तारच्या तासभर आधी फळांच्या गाडीवर गर्दी उसळते आणि तळाची डागाळलेली केळी पिशवीत जातात. कारागिराची मजुरी ईद झाल्यावर देऊ म्हणून ढकलली जाते. त्याच्या मुलांचे कपडे ईदनंतर शिवायचे असतात काय? वडिलांच्या घरात बहिणीचा हिस्सा कुरआनने ठरवून दिला आहे. तो देण्याची वेळ आली की मोठमोठे रोजेदार तिला म्हणतात, "तुला काय कमी आहे?"

दुकानदारांवर बोट ठेवणे सोपे आहे, म्हणून स्वतःकडेही बोट वळवते. तिसाव्या पाऱ्यात सूरह अल्-मुतफ्फिफीन आहे. लोकांकडून घेताना पुरेपूर मापून घ्यायचे आणि देताना माप कमी द्यायचे, अशा लोकांना तिच्या सुरुवातीलाच सक्त ताकीद दिली आहे. मी ती नेहमी तराजूवाल्यांसाठी आहे असे समजत असे. मग एका रमजानमध्ये शेवटच्या तासाला मी वर्गाला सांगितले, "पाठ सहा मनात वाचा," आणि खुर्चीवर डोळे मिटून बसले. सहरीसाठी तीनला उठले होते, थकवा खरा होता. पण महिन्याचा पगार मी पुरेपूर मोजून घेणार होते आणि तास मात्र अर्धाच दिला होता. माझ्या हातात तराजू नव्हता, इतकाच काय तो फरक. तुमच्याही हातात नसतो. गटात मिळून करायच्या प्रकल्पात एकाने सगळी चित्रे काढायची आणि नावे पाचांची लिहायची, हे कोणते माप झाले, तुम्हीच ठरवा.

सूरह अल्-माऊन तर तुम्हांला सहाव्या-सातव्या वर्षीच पाठ झालेली असते. सात छोट्या आयती. यतीमाला धक्के देणारा, नमाजकडे दुर्लक्ष करणारा आणि रोजच्या वापरातली साधी वस्तूही न देणारा, यांची तिच्यात निंदा केली आहे. भूमितीच्या पेपरला कंपासपेटी वहीखाली कोण लपवतो, हे मला वर्गाच्या दारातून दिसते.

घराकडे या. सूरह बनी इस्राईलमध्ये आईवडिलांना 'उफ' असेही म्हणू नका, असे सांगितले आहे. अस्रच्या नमाजनंतर अम्मी चुलीजवळ असते. तिचाही रोजा असतो, हे आपण किती सहज विसरतो! ती न चाखता भजी तळते, न चाखता चटणी वाटते. मग अजान होते, पहिला घास तोंडात जातो आणि कोणीतरी कपाळाला आठ्या घालून म्हणते, "आज मीठ जास्त झालंय." हा शब्द 'उफ'पेक्षा लहान की मोठा? एखाद्या मुलाने अस्रनंतर कांदे चिरून द्यावेत, दस्तरखान घालावे आणि खाऊन झाल्यावर भांडी घासावीत. मुलीच हे करतात, मुलगे करीत नाहीत, म्हणून मुद्दाम 'मुलाने' असे लिहिले आहे.

माझ्या या मताला विरोध करणारेही आहेत. आमच्याच घरातील एक वडीलधारे मला म्हणाले, "मुलांना तिलावत करू दे. अर्थाचे काम आलिमांचे. तर्जुमा वाचून उद्या प्रत्येक जण मुफ्ती होईल." त्यांच्या भीतीत तथ्य आहे. मसला विचारायचा असेल तर मौलानांकडेच जावे. आजारात रोजा सोडावा की नाही, हे डॉक्टर आणि आलिम यांना विचारून ठरवावे, तर्जुम्याचे एक पान उघडून नव्हे. पण कोणाला वाईट नाव ठेवू नका, माप कमी देऊ नका, हे कळण्यासाठी कोणता फतवा लागतो? सहाबा दहा आयती शिकत आणि त्यांवर अमल केल्याशिवाय पुढे जात नसत, असे हजरत अब्दुल्लाह इब्ने मसऊद यांच्या हवाल्याने तफसीरच्या ग्रंथांत आले आहे. जो खोटे बोलणे आणि खोटे वागणे सोडत नाही, त्याने खाणेपिणे सोडण्याची अल्लाहला गरज नाही, या अर्थाची हदीस सहीह बुखारीत आहे. हे मी त्या वडीलधाऱ्यांना सांगितले. ते म्हणाले, "ते मला माहीत आहे." आमचा वाद तेथेच राहिला. पण दुसऱ्या दिवसापासून ते फजरनंतर नातवाला एका आयतीचा तर्जुमा वाचून दाखवू लागले.

मी स्वतः काय करते, तेवढे सांगते. पारे वाचते, मोजतेही. त्यातली एक आयत कागदाच्या तुकड्यावर लिहून पर्समध्ये ठेवते. दिवसभरात तिची आठवण आली नाही, तर दुसऱ्या दिवशी आयत बदलीत नाही. गेल्या रमजानमध्ये राग गिळण्याविषयीची सूरह आले-इम्रानमधील आयत नऊ दिवस पर्समध्ये होती. माझ्या वर्गातल्या मुलांना त्याचे कारण विचारू नका.

तो नववीचा मुलगा त्या वर्षी डिसेंबरमध्ये मला पुन्हा नळाजवळ दिसला. थंडीचे दिवस, रोजा लहान. बाकीची मुले पाणी पीत होती, तो बाजूला उभा होता. मी काही विचारले नाही. त्यानेच जवळ येऊन सांगितले, "मॅडम, अजून चार बाकी आहेत."