फ्रँकेनस्टाइन गप्प का बसला?

दोस्तांनो, फ्रँकेनस्टाइन म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे कपाळावर टाके घातलेला धिप्पाड राक्षस येतो ना? पण गंमत अशी, की ते राक्षसाचं नाव नव्हेच! ते त्याला घडवणाऱ्या तरुणाचं नाव. राक्षसाला बिचाऱ्याला नावच नाही.

मेरी शेली या इंग्रज लेखिकेने १८१६ साली ही कादंबरी लिहायला घेतली, तेव्हा ती अवघी अठरा वर्षांची होती. १८१८ साली पुस्तक छापून आलं. त्या काळी विजेचं लोकांना भारी कुतूहल होतं. इटलीच्या गॅल्व्हानीने मेलेल्या बेडकाचे पाय विजेने हलवून दाखवले होते. त्याचा भाचा अल्दिनी याने तर १८०३ साली लंडनमध्ये, फाशी दिलेल्या माणसाच्या प्रेतावर तसाच प्रयोग केला!

कथेतला व्हिक्टर फ्रँकेनस्टाइन निर्जीव देहात प्राण ओततो. पण त्या जिवाने डोळे उघडताच हा घाबरून चक्क पळून जातो. सगळ्यांनी झिडकारलेला तो जीव पुढे सूडाला पेटतो आणि व्हिक्टरच्या धाकट्या भावाचा, विल्यमचा खून करतो. आळ येतो घरी काम करणाऱ्या जस्टिनवर. का, तर विल्यमच्या गळ्यातलं छोटंसं चित्र तिच्या खिशात सापडतं. ते राक्षसानेच तिथे ठेवलेलं असतं!

जिनिव्हात खटला चालतो. खून होताना कुणीच पाहिलेलं नाही, तरी जस्टिन दोषी ठरते. पाद्र्याच्या धाकाने ती न केलेला गुन्हा कबूलही करते. तिला फाशी होते. खरा खुनी कोण, हे व्हिक्टरला पक्कं ठाऊक असतं. पण 'लोक मला वेड्यात काढतील' म्हणून तो कोर्टात तोंडच उघडत नाही.

आता सांगा, आपल्या चेंडूने काच फुटली आणि मार दुसऱ्याच मुलाला बसला, तर आपण गप्प बसायचं का? व्हिक्टरचं कोर्टाने ऐकलं असतं की नाही, कोण जाणे. पण त्याने सांगून तरी बघायला हवं होतं. न्यायाधीशांपुढे येईल तेवढंच त्यांना दिसतं. जे एकट्या शास्त्रज्ञालाच माहीत आहे, ते त्यानेच सांगायला नको का?

व्हिक्टरच्या जागी तुम्ही असता, तर कोर्टात काय बोलला असता? दहा ओळी लिहून पाहा. आणि हो, आईबाबांनाही हाच प्रश्न विचारा!