रेल्वेचा डबा की कोंडवाडा?

खानापूरच्या फलाटावर सकाळच्या वेळी अर्धा तास उभे राहावे, म्हणजे सीमाप्रश्न समजून घेण्यासाठी कोणत्याही आयोगाचा अहवाल चाळण्याची गरज उरत नाही. उद्यमबागेत पाळीवर निघालेला कामगार, कॉलेजची पोरे, कोर्टाची तारीख असलेला शेतकरी आणि कडेवर आजारी मूल घेऊन मिरजेच्या दवाखान्याला निघालेली बाई, अशी सारी मंडळी एकाच डब्याच्या एकाच दाराशी झुंजत असतात. ज्यांना शिरता आले ते आत, ज्यांचा एक पाय पायरीवर टेकला ते दांडीला लोंबकळत, आणि उरलेले फलाटावर. बाईच्या वाट्याला बहुधा फलाटच येतो.

या अवस्थेला सरकारी भाषेत ‘गर्दीची वेळ’ असे गोंडस नाव आहे. जणू पाऊस पडावा किंवा मलप्रभेला पूर यावा, तशी गर्दी आपोआप येते आणि आपोआप ओसरते! वस्तुस्थिती अशी की, लोंढा ते मिरज या मार्गावर पोटासाठी रोज ये-जा करणाऱ्याच्या सोयीच्या पॅसेंजर गाड्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. त्यांतली एक चुकली की उरतात त्या लांब पल्ल्याच्या एक्स्प्रेस. वास्कोहून निजामुद्दीनला जाणारी गोवा एक्स्प्रेस काय किंवा दादरहून दक्षिणेस जाणारी चालुक्य एक्स्प्रेस काय, त्या आखल्या दूरच्या प्रवाशासाठी. त्यांचे मोजके सर्वसाधारण डबे आमच्या गावी येतात तेच खच्चून भरलेले. गाडी आमच्या गावावरून जाते. आमच्यासाठी जात नाही.

कोणी म्हणेल, मुंबईच्या लोकलमध्ये याहून अधिक चेंगराचेंगरी असते, मग सीमाभागानेच का कुरकुरावे? मुंबईकराचे हाल आम्ही जाणतो. परंतु त्याची एक गाडी सुटली तर काही मिनिटांत दुसरी येते. खानापूर-गुंजीच्या मजुराची गाडी सुटली की त्या दिवसाची हजेरी सुटते. चुलीवर त्याचा परिणाम त्याच संध्याकाळी दिसतो.

सप्टेंबर २०२४ मध्ये हुबळी-पुणे ‘वंदे भारत’ गाडी सुरू झाली. हारतुरे झाले, छायाचित्रे निघाली. या गाडीत अनारक्षित डबा नाही आणि खानापूरला ती थांबत नाही. खानापूरकराला तिचा लाभ एवढाच की, ती जाताना वारा लागतो! त्याआधीचा प्रकारही आम्ही विसरलेलो नाही. मार्च २०२० च्या टाळेबंदीत बंद पडलेल्या पॅसेंजर गाड्या जेव्हा पुन्हा धावू लागल्या, तेव्हा देशभर त्यांना ‘विशेष’ आणि ‘एक्स्प्रेस’ अशी बिरुदे चिकटवून किमान भाडे १० रुपयांवरून ३० रुपयांवर नेण्यात आले. ते खाली यायला २०२४ चा फेब्रुवारी उजाडावा लागला. गाडी तीच, भाडे मात्र तिप्पट!

हा लोहमार्ग ज्या कंपनीने घातला तिचे नाव होते ‘सदर्न मराठा रेल्वे’. १८८२ साली स्थापन झालेल्या या गोऱ्या व्यापाऱ्यांच्या कंपनीला कोणत्याही समितीने निवेदन दिले नव्हते. (त्या नावात धारवाडही येत होते, हे आम्ही प्रांजळपणे सांगतो, धारवाडवर आमचा दावा नाही.) १९५१ साली दक्षिण रेल्वे झाली आणि त्या नावातला ‘मराठा’ पुसला गेला. पुढे १९६६ आणि २००३ साली पुन्हा वाटण्या झाल्या. आज मिरजेत मध्य रेल्वे आणि तिथून खाली नैर्ऋत्य रेल्वेचा हुबळी विभाग अशी स्थिती आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी माणसांमधून ओढलेली रेघ अशी रुळांवरही उमटली. बेळगावचा रोगी मिरजेला जातो आणि विद्यार्थी कोल्हापूरला जातो. परंतु गाड्यांचा हिशेब दोन कचेऱ्यांत मांडला जातो, आणि दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो ही म्हण काही उगीच पडलेली नाही. बेळगावहून कोल्हापूर सडकेने सुमारे ११० किलोमीटर. रेल्वेने मिरजेचा वळसा घालून सुमारे १८५. आणि वाटेवरच्या निपाणीला तर आजही रेल्वे नाही.

सडक तरी भरवशाची आहे काय? डिसेंबर २०२२ मध्ये सीमेवर वाहनांवर दगड पडले, बसगाड्या थांबल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा तेच. अशा दिवशी सीमावासीयांसाठी एकच वाट उरते, ती रुळांची. रेल्वे बंगळूरची नाही, मुंबईचीही नाही. ती केंद्राची आहे. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या दाव्यात केंद्र सरकार स्वतः प्रतिवादी आहे. ज्या मुलखाचा वाद न्यायासनापुढे आहे, तेथील प्रजेला निकाल लागेपर्यंत निदान उभे राहण्यापुरती जागा द्यावी, एवढेही त्यास सुचू नये?

भाषेची कथा याहून निराळी नाही. रेल्वेच्या त्रिभाषासूत्रात राज्याची भाषा, हिंदी आणि इंग्रजी येतात. सीमाभागात मराठीला त्यात ठाव नाही. फलाट बदलल्याची सूचना तीन भाषांतून होते आणि त्यांतील एकही खेड्यातून आलेल्या म्हातारीच्या घरची नसते. ती जुन्याच फलाटावर गाडीची वाट पाहत बसते. घटप्रभा-गोकाकचा कानडी कामगारही याच दांडीला लोंबकळतो, हे आम्हांस ठाऊक आहे. त्याच्याशी आमचे भांडण नाही. डबे वाढले तर त्यालाही बसायला मिळेल.

आमच्यातील काही ज्येष्ठांना वाटते की, ज्या लढ्यात १९५६ च्या जानेवारीत रक्त सांडले, त्यात डब्यातील जागेची मागणी क्षुद्र दिसते. आमचे मत वेगळे आहे. ज्याची रोजची सकाळ अपमानात जाते, त्याला वर्षातून एकदा काळ्या दिनाच्या फेरीला बोलावून आपण किती दिवस धरून ठेवणार?

तेव्हा मागण्या स्पष्ट असोत. लोंढा-मिरज मार्गावर पाळीच्या आणि कॉलेजच्या वेळा धरून सकाळ-संध्याकाळ वाढीव अनारक्षित गाड्या, त्यांतील काही थेट कोल्हापूरपर्यंत. एक्स्प्रेस गाड्यांना अधिक सर्वसाधारण डबे. आणि स्थानकांवर मराठीतून सूचना. घटनेच्या ३५० व्या कलमान्वये, संघराज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत केंद्राच्या अधिकाऱ्याकडे गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क प्रत्येकास आहे. लोंढा, गुंजी, खानापूर, देसूर आणि बेळगावच्या प्रवाशांनी येत्या आठवड्यात आपापला अर्ज मराठीत लिहावा, पाससोबत खिशात ठेवावा, गाडीला उशीर असेल त्या वेळेत स्थानक अधीक्षकांच्या टेबलावर द्यावा आणि सही-शिक्क्याची पोच घेतल्याखेरीज तेथून हलू नये. पोच नाकारली तर तारीख, वेळ आणि कारण आमच्या कचेरीत आणून द्यावे. ते आम्ही याच पानावर छापू.