एसएसडी बसवला अन् कॉम्प्युटर सुरूच होईना? फॉरमॅटची घाई नको!

जुन्या डेस्कटॉपचा वेग वाढवायचा, तर एसएसडी बसवणे हा तुलनेने स्वस्त उपाय. मात्र, जोडणीनंतर काळ्या स्क्रीनवर ‘नो बूटेबल डिव्हाइस’ असे झळकले, की अनेकदा एकच सल्ला मिळतो, ‘फॉरमॅट मारून टाका.’ हा सल्ला घाईचा आहे. चूक बहुतेकदा सेटिंगची असते आणि पुसले जातात ते घरातले फोटो, दुकानाचे हिशेब.

आधी बायोसमध्ये एसएसडी दिसतो का, ते पाहावे. दिसत नसेल तर केबल आणि पोर्ट बदलून बघावे. दिसत असेल तर बूट ऑर्डरमध्ये त्याला पहिला क्रमांक द्यावा. अनेकांचे काम इथेच होते.

खरी मेख दोन डिस्क असताना असते. जुनी हार्ड डिस्क जोडलेली ठेवून एसएसडीवर विंडोज टाकली, तर बूट फाइल अनेकदा जुन्या डिस्कवरच्या छोट्या पार्टिशनमध्ये जातात. पुढे ती डिस्क काढली, की एसएसडी ठणठणीत असूनही कॉम्प्युटर अडतो. अशा वेळी जुनी डिस्क पुन्हा जोडून पाहावी. विंडोज नव्याने टाकताना तर तिची केबल आधीच काढून ठेवावी. दोन मिनिटांचे काम, पण नेमके तेच टाळले जाते!

एक सावधगिरी. बायोसमध्ये बदल केल्यास बिटलॉकर ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात आहे का, हे मोबाइलवर आधी तपासावे. ती कुठेच जपून ठेवलेली नसेल, तर कंपनीही ती देऊ शकत नाही.