भेकर, गुलाब आणि बागेची वई

गेल्या अंकात आम्ही कुंडीतल्या पुदिन्याविषयी लिहिले होते. त्यावर एका भगिनीने विचारले आहे, "तुमचे कामशेत डोंगराच्या कुशीत, मग रानातली जनावरे बागेत शिरत नाहीत का?" शिरतात तर! आमच्या बागेचा निम्मा इतिहास त्यांच्याच पायांनी लिहिलेला आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या रमजानची गोष्ट. सहरीला उठलो की मागच्या उतारावरून कुत्रे भुंकल्यासारखा आवाज यायचा. एकच भुंकणे, मग थोडी शांतता, पुन्हा एकदा. आम्ही कुत्राच समजलो. अम्मींनी मात्र पहिल्याच दिवशी सांगितले, "कुत्रा नाही गं, भेकर आहे ते." मावळातल्या जुन्या माणसांचे कान असे तयार असतात. चार दिवसांनी देशी गुलाबाचे सगळे नवे कोंब गेले. जास्वंदीची टोके गेली. वालाच्या वेलाला तर एक कोवळे पान उरले नाही. गुलाबाला काटे असतात, जनावर तोंड लावणार नाही, अशी आमची भाबडी समजूत होती. कोवळ्या कोंबावरचा काटाही कोवळाच असतो, हे तेव्हा लक्षात आले.

मग आम्ही घाईने जे केले, त्याची आजही खंत वाटते. बाजारातून नायलॉनची बारीक जाळी आणली आणि बागेभोवती बांधून टाकली. स्वस्त, हलकी, तासाभरात काम झाले. आठवड्याने फजरच्या सुमारास मागे धडपड ऐकू आली. भेकराचे एक लहान पिल्लू जाळीत अडकले होते. पाय जितके झाडी तितकी जाळी आवळत होती. हरणाच्या जातीची जनावरे नुसत्या भीतीने, धडपडीनेही दगावतात. म्हणून मुलांना घरात पाठवले, दिवा बंद केला, अम्मींची ओढणी पिल्लाच्या डोळ्यांवर टाकली आणि भाजीच्या सुरीने जाळी कापत बसलो. डोळे झाकल्यावर ते बरेच शांत झाले. शेवटचा धागा तुटताच उठले आणि उताराने पळाले. एक पाय किंचित ओढत होते. पुढे त्याचे काय झाले, अल्लाहलाच ठाऊक.

नंतर कळले की अशा वेळी आपण हात न घालता वन विभागाला कळवणे अधिक चांगले. महाराष्ट्र वन विभागाचा 1926 हा क्रमांक त्यासाठीच आहे. जाळी त्याच दिवशी काढली. काढताना तिच्यात एक मेलेली धामणही सापडली. उंदीर खाणारी, बागेची राखण करणारी धामण आम्हीच मारली होती.

कोणी झाड लावले किंवा पेरले आणि त्यातून माणसाने, पक्ष्याने वा जनावराने खाल्ले, तर ते लावणाऱ्याच्या नावे सदका ठरते, या अर्थाची हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. आमच्या घरी मुलांनी ती लगेच आमच्यावरच उलटवली : मग हाकलता कशाला? प्रश्न रास्त होता. पण भेकर हे बिबट्याचे भक्ष्य आहे. भेकराला घराच्या भिंतीपाशी चरण्याची सवय लागली, तर त्याच्या मागावरचा बिबट्याही अंगणात येणार. मावळात ही नुसती कल्पना नाही. म्हणून दया दाखवायची, पण अंगणाबाहेर. भाजीची साले, शिळी भाकरी, पाण्याचे टोपले घराजवळ ठेवून रानातली जनावरे बोलावू नयेत. बांधाच्या पलीकडे, उताराच्या टोकाला एक उंबर आहे. त्याची पडलेली फळे आम्ही वेचत नाही. आमचा सदका तिथे.

आता उपायांकडे येऊ. आधी चोर ओळखावा. हरणाच्या जातीला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. त्यामुळे ती कोंब ओढून तोडतात आणि देठाचे टोक फाटल्यासारखे दिसते. सशाने खाल्लेला देठ सुरीने तिरका कापल्यासारखा असतो. रानडुक्कर माती उकरते, वानर फांदी मोडून अर्धे फळ टाकून देते. भेकर खांद्यापाशी जेमतेम दोन-अडीच फूट उंच, म्हणून साधारण तीन-साडेतीन फुटांच्या खालचेच गेले असेल तर संशय त्याच्यावर. त्याहून बरेच वरचे गेले असेल तर सांबर आले असावे, आणि मग कुंपणाचा हिशेबच बदलतो. सांबराला सात-आठ फूट उंची लागते. भेकर उडी मारण्याऐवजी खालच्या फटीतून घुसायला पाहते, त्यामुळे त्याच्यासाठी सुमारे पाच फूट पुरतात. खालची फट मात्र बुजलेली हवी.

जाळी काढल्यावर आम्ही जुनी रीत धरली : वई. बोराटी आणि बाभळीच्या सुक्या फांद्या एकमेकींत अडकवून रचल्या. तिच्या आतल्या बाजूला पावसाच्या सुरुवातीला करवंद लावले. करवंदाचे बी फळातून काढल्यावर लगेच पेरावे, सुकवून ठेवले तर उगवण घटते. मे-जूनमध्ये फळे खाऊन मुलांनी थुंकलेल्या बियाच आम्ही वाफ्यात टाकल्या. काटेरी दाट कुंपण व्हायला दोन-तीन वर्षे जातात, तोवर सुकी वई दर वर्षी दुरुस्त करावी लागते. एका बाजूला मेंदी लावली आहे. करवंदासारखे काटे नाहीत, पण छाटत राहिले तर भिंतीसारखी दाट होते आणि पलीकडचे काही दिसत नाही. जिथे उतरायचे ती जागा दिसत नसेल तर हरीण उडी घ्यायला कचरते. शिवाय ईदला पाने घरची.

वईच्या बाहेरची वीसेक फुटांची पट्टी आम्ही झुडपे काढून मोकळी ठेवतो. भेकर लाजाळू, आडोसा सोडून उघड्यावर यायला नाखूश. एवढ्या एका कामाने निम्मी ये-जा थांबली असे आम्हाला वाटते.

वासाच्या उपायांत अंड्याचे पाणी सर्वांत भरवशाचे. पाच लिटर पाण्यात तीन अंडी चांगली फेटून, कपड्याने गाळून, फवारायच्या पंपात भरावीत. गाळले नाही तर नोझल बसते आणि मग घरात जे बोलणे ऐकावे लागते ते वेगळेच. वाळल्यावर आपल्याला वास येत नाही, जनावराला येतो. कुजलेल्या प्रथिनांचा तो वास त्यांना धोक्याचा वाटतो. वाटलेली मिरची-लसूण घातली तर चवही बिघडते. फवारणी दर पंधरवड्याला पुन्हा करावी, कारण नवे फुटलेले कोंब फवारणीविना असतात आणि जनावराला हवे असतात तेच. कच्च्या अंड्याचे हे पाणी पालक, कोथिंबीर, भेंडी अशा खायच्या भाजीवर मुळीच मारू नये. गुलाब, जास्वंद आणि फळ न धरलेली रोपे यांच्यासाठीच ते ठेवावे.

मावळात पाऊस सुरू झाला की हा उपाय पाण्यात जातो, अगदी शब्दशः. सकाळी फवारा, दुपारी धुऊन निघते. पण आमच्याकडचा अनुभव असा की भेकराचा खरा त्रास फाल्गुनापासून मृगापर्यंत, म्हणजे रान वाळते तेव्हा. पाऊस पडला की डोंगरावर कोवळे गवत, पाला सगळे असते, त्याला आमच्या गुलाबाची गरज उरत नाही. म्हणून आम्ही फवारणी कोरड्या चार महिन्यांतच करतो आणि पावसाळ्यात अंडी आम्लेटसाठी ठेवतो.

परदेशी सल्ल्यांत झाडाला साबणाच्या वड्या टांगायला सांगतात. तिथे प्राण्यांच्या चरबीचा साबण अभिप्रेत असतो. आपल्याकडचे बहुतेक साबण वनस्पती तेलाचे, त्यांच्याकडून ती अपेक्षा ठेवू नये. जुन्या साड्या कुंपणाला बांधण्याची रीत मात्र आपली, शेताशेतांत दिसते. पंधरा दिवस चांगली चालते, मग जनावर सरावते. दर आठवड्याला साड्यांची जागा बदलली तर थोडी अधिक टिकते. कुत्रा पाळा, असेही कोणी सुचवते. शेत आणि गुरांच्या राखणीसाठी कुत्र्याची मुभा हदीसमध्ये आहेच, पण डोंगरपायथ्याला रात्री बाहेर बांधलेला कुत्रा म्हणजे बिबट्याला निमंत्रण. ते आम्हाला पटत नाही.

कडेच्या ओळीत गवती चहा, पुदिना, पानओवा, हळद, सदाफुली लावावी. उग्र वासाच्या, कडवट पानांना हरीण सहसा शेवटी तोंड लावते. सहसाच. भुकेलेल्या जनावरापुढे कोणतीच यादी चालत नाही. गुलाब आणि जास्वंद आम्ही घराच्या भिंतीलगत आणले, कडेला गवती चहा गेला. कण्हेर सुचवणारे अनेक भेटतील. घरात लहान मुले किंवा शेळ्या असतील तर ती विषारी आहे हे विसरू नये.

एक मात्र कधीही करू नये : कुंपणाच्या तारेत घरची वीज सोडणे. बेकायदा तर आहेच, पण अंधारात तिथे आधी पाय पडतो तो गुराख्याचा किंवा शेजारच्या पोराचा. भेकर, सांबर यांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण आहे, त्यांना मारणे हा गुन्हा. ज्यांचे शेतातले पीक गेले त्यांनी फोटो काढून लगेच वन विभागाला कळवावे, भरपाईचा अर्ज करता येतो. पंचनामा होईपर्यंत शेत साफ करू नये.

यंदाही सहरीला तो आवाज आला. अम्मी म्हणाल्या, "उंबराकडे आहे." सकाळी जाऊन पाहिले. वईबाहेरच्या मोकळ्या पट्टीच्या कडेला ओल्या मातीत इवले खूर उमटले होते, तिथूनच ते माघारी वळले होते. गुलाबाला यंदा अकरा कळ्या आहेत. मेंदीच्या बाजूला खाली एक फट राहिली आहे, ती या रविवारी बुजवायची आहे.