अर्ध्या वाटेवरचे विद्यार्थी

फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्ध पेटलं आणि युक्रेनमध्ये डॉक्टरकी शिकणारी हजारो भारतीय मुलं शिक्षण अर्धवट टाकून परतली. महाराष्ट्रातलीही त्यांत होती. उरलेला अभ्यासक्रम इथल्या महाविद्यालयांत पूर्ण करू द्या, ही त्यांची मागणी सर्वोच्च न्यायालयात गेली. कायद्यात तशी तरतूद नाही, असं केंद्राने सांगितलं. मार्च २०२३ मध्ये वाट निघाली ती शेवटच्या टप्प्यावरच्यांपुरती: इथे प्रवेश न घेता एमबीबीएसच्या अंतिम परीक्षेचे दोन्ही भाग द्यायचे, मग दोन वर्षं इंटर्नशिप. मधल्या वर्षांतल्या मुलांना इथली दारं बंदच राहिली.

शिक्षण मध्येच सोडून दुसरीकडे पूर्ण करायचं तर आधीचा अभ्यास मोजला जातो का, हा विषय आम्ही आता घेतोय, कारण २०२१ पासून देशात श्रेयांकांची बँक, म्हणजे शिकून झालेल्या विषयांचे श्रेयांक (क्रेडिट) विद्यार्थ्याच्या खात्यात जमा ठेवणारी व्यवस्था, आहे आणि नवं शैक्षणिक धोरण आपल्या गावोगावच्या कॉलेजांत पोचलं आहे. पण श्रेयांक खात्यात जमा होणं वेगळं आणि नव्या महाविद्यालयाने ते मान्य करणं वेगळं. दर्जाची काळजी रास्तच, विशेषतः जिथे रुग्णाचा जीव हाती असतो. मात्र नकार द्यायचा तर विषयवार कारण लेखी द्यावं, आणि तेही प्रवेशाची मुदत संपण्याआधी, असं आमचं ठाम मत आहे.

म्हणून या अंकात धोरणापेक्षा विद्यार्थ्याच्या बाजूने पाहिलं आहे. बदली, लग्न, आजारपण, फी, कोणत्याही कारणाने तुम्हाला किंवा तुमच्या मुलांना मध्येच कॉलेज बदलावं लागलं असेल, तर काय मान्य झालं आणि काय पुन्हा शिकावं लागलं, ते आम्हाला जरूर कळवा.