जे दिसलं, तेच लिहा



आमच्या लहानपणी शाबानची 29 तारीख आली की मगरिबनंतर सगळी पोरं गच्चीवर जमायची. कुणी एकजण बोट दाखवून ओरडायचा, "दिसला! चाँद दिसला!" की लगेच आम्ही सगळेच ओरडायचो. मग अब्बा एकेकाला जवळ घेऊन विचारायचे, "तुला दिसला, की त्याला दिसला म्हणून तुलाही दिसला?" निम्मी पोरं मान खाली घालायची. शहादत द्यायची तर आपल्या डोळ्यांची, शेजाऱ्याच्या डोळ्यांची नाही, हा धडा तिथलाच.

पुढे शिक्षिका झाल्यावर हाच धडा मी विसरले. कसा, ते आज सांगते.

जानेवारी 2020 ची गोष्ट. आठवीच्या वर्गाला मी घरचा अभ्यास दिला होता. आठवडाभर इशानंतर आकाशात बघायचं आणि व्याध, राजन्य, काक्षी, रोहिणी या चार ताऱ्यांचा तेजानुसार क्रम लावायचा. मृग नक्षत्राच्या चार पायांपैकी जो तांबूस तारा, तो काक्षी. पुस्तकातल्या तक्त्यात त्याचा नंबर रोहिणीच्या वर. बहुतेक वह्यांत तोच क्रम उतरला होता. एका मुलीने मात्र रोहिणी वर आणि काक्षी खाली लिहिला होता. त्याखाली पेन्सिलीने एक ओळ होती: "टीचर, रोज बघितला, कमीच दिसतो."

मी लाल पेनाने फुली मारली आणि शेरा दिला, "पुस्तक बघून दुरुस्त कर." तिने मुकाट्याने खोडलं आणि दुरुस्त केलं.

काही दिवसांनी वर्तमानपत्रात बातमी वाचली. काक्षी, म्हणजे बीटलज्यूस, कित्येक वर्षांत नव्हता इतका मंद झाला होता. आता त्याचा स्फोट होणार की काय, अशीही चर्चा होती. फेब्रुवारीत त्याचं तेज नेहमीच्या निम्म्याहूनही खाली गेलं. आठवीतल्या मुलीने गच्चीवरून जे बरोबर टिपलं, ते मी लाल पेनाने चूक ठरवलं होतं.

काक्षी हा स्पंदन पावणारा रूपविकारी तारा आहे. सूर्याच्या जागी ठेवला तर पृथ्वीला गिळून मंगळाच्याही पुढे जाईल एवढा मोठा. असे तारे फुगतात आणि आकसतात. बाहेरच्या थरात उष्णता कोंडली की तारा फुगतो, उष्णता निसटली की पुन्हा आकसतो. त्यासोबत त्याचं तेजही कमी-जास्त होतं. काक्षीचा एक फेरा साधारण 400 दिवसांचा, पण तोही घड्याळासारखा नेमका नाही. त्या वेळी या चढउतारात आणखी एक भर पडली. ताऱ्याने वायूचा मोठा लोट बाहेर टाकला, तो थंड होऊन त्याची धूळ झाली आणि ती आपल्या नजरेच्या आड आली. काही महिन्यांत तारा पुन्हा उजळला.

या ताऱ्याच्या नावातही एक चूक दडली आहे. आम्हा उर्दू शिकवणाऱ्यांना ती चटकन कळते. अरबीत त्याचं नाव "यद अल-जौजा", म्हणजे जौजाचा हात. युरोपात नक्कल करताना कुणीतरी "ये"खालचे दोन नुक्ते एकच वाचले. "ये"ची "बे" झाली, "यद"चं "बद" झालं आणि पुढे बीटलज्यूस. एका नुक्त्याची चूक शेकडो वर्षं नकलली गेली, कारण पुढच्या प्रत्येकाने आधीच्याचं बघून लिहिलं.

याउलट अब्दुर्रहमान अस-सूफी यांचं उदाहरण बघा. 903 साली तेहरानजवळच्या रय्य इथे ते जन्मले. त्यांच्यापुढे टॉलेमीची तारकासूची होती, तेव्हाच आठशे वर्षं जुनी आणि सर्वमान्य. ताऱ्यांच्या जागा त्यांनी त्या सूचीवरूनच घेतल्या, काळानुसार सरकवून. पण तेज मात्र त्यांनी एकेका ताऱ्याकडे स्वतः बघून लिहिलं. जिथे टॉलेमीशी जुळलं नाही, तिथे तसंच नोंदवलं. 964 च्या सुमारास त्यांचा ग्रंथ पूर्ण झाला. हजार वर्षांत कोणते तारे बदलले, हे शोधणारे अभ्यासक आजही त्यांचे आकडे तपासतात. त्यांनी तेजाचीही नक्कल केली असती, तर ते आकडे कुणाच्या कामाचे होते?

दुसरं उदाहरण आपल्या जवळचं. राधागोविंद चंद्र हे आज बांगलादेशात असलेल्या जेसोरचे. एन्ट्रन्स परीक्षेत तीनदा नापास झाले आणि सरकारी खजिन्यात नाणी पारखायच्या नोकरीला लागले. तीन इंची दुर्बीण घेऊन ते रात्री आकाश बघत. 1918 साली गरुड तारकासमूहात एक नवतारा भडकला, तो त्यांना दिसला. त्यानंतर रूपविकारी ताऱ्यांच्या नोंदी करणाऱ्या अमेरिकेतल्या संघटनेशी त्यांचा संबंध जुळला. साधारण 35 वर्षांत त्यांनी 37 हजारांहून अधिक नोंदी पाठवल्या. हिशेब केला तर दर रात्री जवळपास तीन! संघटनेने त्यांना सहा इंची दुर्बीणही वापरायला दिली. खोटं नाणं आणि खरं नाणं वेगळं करणारी नजर त्यांनी आकाशातही वापरली.

या नोंदी करायला दुर्बीणच हवी असं नाही. काक्षीपेक्षा थोडा तेजस्वी एक तारा आणि थोडा मंद एक तारा निवडायचा. प्रश्वा 0.4 प्रतीचा, रोहिणी साधारण 0.9 ची. आकडा जितका लहान, तितका तारा तेजस्वी. काक्षी दोघांच्या बरोबर मध्ये वाटला तर साधारण 0.6 किंवा 0.7 लिहायचं. तांबड्या ताऱ्याकडे टक लावून बघू नका, बघत राहिलं तर तो आहे त्यापेक्षा तेजस्वी भासतो. नजर टाका, काढा, पुन्हा टाका. तारे क्षितिजापासून बरेच वर आल्यावरच बघा. आणि कालची नोंद आधी उघडू नका, नाहीतर डोळ्यांऐवजी कालचा आकडाच लिहिला जातो.

त्या वेळी मी ती वही परत मागून घेतली. रबराने खोडलेली ओळ पुसट दिसत होती. वर्गासमोर ती वाचून दाखवली आणि माझी फुली मीच खोडली. ती मुलगी लाजून खाली बघत राहिली. मग मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "टीचर, मलापण कमीच दिसला होता. पण पुस्तकात तसं नव्हतं." मग आणखी दोन हात वर झाले. त्या दिवसापासून निरीक्षणाच्या वहीत मी लाल पेन वापरत नाही.

इशानंतर मृग पूर्वेला वर आलेला असेल, त्या महिन्यांत मुलांना गच्चीवर न्या, प्रत्येकाला वेगळी वही द्या आणि एकमेकांची बघू देऊ नका. तारीख, वेळ आणि आकडा लिहायचा. ढग असतील तर "ढग" लिहायचं. आणि भावाचा आकडा बहिणीच्या आकड्याशी जुळला नाही, तर दोन्ही तसेच राहू द्या.